कोरड्या जिल्ह्यातली केनवेन

वेल्सच्या ब्रिनहेलिगमध्ये अर्धं गाव पॅरी आणि उरलेलं रॉबर्ट्स, त्यामुळे आडनावाने माणूस ओळखायची सोयच नव्हती. ओळखायचा तो घरावरून, नाहीतर धंद्यावरून. केनवेन पॅरीचं घर हेलिग ओढ्यावरच्या दगडी पुलाला लागून, गावातलं शेवटचं. म्हणून ती पुलावरची केनवेन. तिच्या परसातून कुणी खरकटं पाणी जरा जोरात फेकलं तर ते डिन्बिख जिल्ह्यात पडेल, असं लोक म्हणायचे. अलीकडे मेरियोनिद, पलीकडे डिन्बिख आणि मधे गुडघाभर पाण्याचा ओढा.

तिचा नवरा इव्होर मेरियोनिद जिल्ह्याच्या नोकरीत मैलमजूर होता. चर मोकळे करायचे, कडेचं गवत कापायचं, थंडीत रस्त्यावर मीठ-खडी पसरायची. त्याची हद्द पुलाच्या मधोमध संपायची. तिथे जिल्ह्याच्या नावाची लोखंडी पाटी होती आणि दर वसंतात तो तिची अक्षरं काळ्या रंगाने पुन्हा गिरवायचा. पलीकडून डिन्बिखचा मैलमजूर झाडत यायचा. दोघं कठड्याला टेकून पाइप ओढायचे, हवेला चार शिव्या द्यायचे आणि आपापल्या जिल्ह्यात परत फिरायचे.

केनवेनला त्या पाटीचा अभिमान होता आणि त्याला कारण तिचा बाप.

बाप स्लेटच्या दगडाच्या खाणीत कामाला होता आणि सोमवार ते शनिवार प्यायचा. गावात पब एकच, हार्प नावाचा. केनवेन सहा-सात वर्षांची असल्यापासून आई तिला हार्पच्या दाराशी पाठवायची, बाप हाताला लागतो का बघायला. पण वेल्समध्ये रविवारी पब बंद ठेवायचा कायदा तिच्या जन्माच्याही आधीचा. त्यामुळे आठवड्यातून एक दिवस तिला बाप मिळायचा. तो दाढी करायचा, चॅपेलमध्ये खालच्या पट्टीत स्तोत्रं गायचा, दुपारी बटाटे सोलायला बसायचा आणि ताकातले बटाटे खाऊन झाले की दोघी पोरींना टेकडीवर न्यायचा. तिथून बोटाने दाखवायचा, "हे आपलं मेरियोनिद. समुद्रापर्यंत." समुद्र तिथून दिसत नसे. पण तो दाखवायचा आणि केनवेनला दिसायचा.

एकोणीसशे एकसष्ट साली सरकारने ठरवलं, की रविवारी पब उघडायचे की नाही हे आता ज्या त्या जिल्ह्याने मतं टाकून ठरवावं, आणि दर सात वर्षांनी पुन्हा विचारावं. केनवेन तेव्हा पन्नाशी ओलांडलेली. आयुष्यात ती कधी चार माणसांसमोर बोलली नव्हती. पण त्या साली ती चॅपेलच्या व्यासपीठावर उभी राहिली आणि बापाची गोष्ट सांगितली. बायका रडल्या. मग ती पावसात, वाऱ्यात, शेताशेतांतून घरोघर फिरली. कुत्री अंगावर आली, तरी फिरली.

तिची धाकटी बहीण जिनी पुलापलीकडे पेंट्रे वाडीत दिलेली. शेतकऱ्याची बायको, मोठ्या आवाजाची, हसरी. ती शनिवारी पूल ओलांडून चहाला यायची. एकदा चहा ओतता ओतता ती म्हणाली, "काय गं, तू म्हणे व्यासपीठावरून आपल्या बापाची अब्रू काढलीस?"

"काढली नाही. राखली. रविवारी तो देवमाणूस होता, हेच सांगितलं."

"देवमाणूस?" जिनीने किटली खाली ठेवली. "तू मोठी, दिवे लागले की दमून झोपायचीस. मी जागी असायचे. रविवारी संध्याकाळी त्याचे हात थरथरायला लागायचे. मग तो आईला धरायचा. प्यायला मिळत नाही म्हणून मारायचा. बाकीचे सहा दिवस निदान घोरत तरी पडायचा."

"काहीतरीच बोलू नकोस."

"बरं, नाही बोलत. घे, पावाला लोणी लाव."

आणि दोघी मनुकांचा पाव खात बसल्या. जिनीचं बोलणं केनवेनने मनावर घेतलं नाही. जिनीला लहानपणापासून तिखटमीठ लावायची खोडच होती. त्या वर्षी मेरियोनिद कोरडं राहिलं, म्हणजे रविवारी पब बंदच. डिन्बिखही राहिलं.

अडुसष्ट साली पुन्हा मतं झाली. केनवेन पुन्हा फिरली. निकाल आला तेव्हा मेरियोनिद कोरडंच होतं, पण पलीकडचं डिन्बिख ओलं झालं होतं. चॅपेलमध्ये आभाराची प्रार्थना झाली. पाळकसाहेबांनी केनवेनचं नाव घेतलं. ती घरी आली तर तिचा मुलगा हेविन चुलीपाशी बूट सुकवत बसलेला.

हेविन एकुलता एक. वय अठ्ठावीस, सरकारी जंगलात झाडं तोडायच्या कामावर. अंगाने बापासारखा रुंद, जीभ मात्र जिनीमावशीची.

"आई, अभिनंदन," तो म्हणाला. "म्हणजे आता आपला देव रविवारी जागा राहणार आणि पलीकडचा झोपणार."

"चेष्टा पुरे."

"चेष्टा नाही. बाबांनाच विचार. पाटीच्या या बाजूला पाप, त्या बाजूला जेवणाआधीचा पेला. बाबा, ती पाटी जरा नीट रंगवत जा. काळोखात कुणी चुकायचं."

इव्होर पेपरामागून नुसता हसला. तो घरात कधी बाजू घेत नसे.

पुढच्या काही महिन्यांत रविवारी दुपारी एक नवाच प्रकार सुरू झाला. जिनीचा मुलगा सेल्विन मेंढ्यांचं खाद्य वाहायची आपली जुनी व्हॅन घेऊन पुलाच्या पलीकडच्या तोंडाशी यायचा आणि दोनदा हॉर्न वाजवायचा. अलीकडे तो यायचा नाही, मावशीची भीती. ब्रिनहेलिगचे बाप्ये चॅपेलच्या कपड्यांतच पूल ओलांडायचे, खाद्याच्या पोत्यांवर बसायचे आणि व्हॅन डोंगरापलीकडच्या ब्लॅक बुल नावाच्या पबकडे निघायची. चॅपेलमधली रविवारची शब्बाथशाळा सुरू व्हायच्या सुमाराला परत. केनवेन खिडकीतून बघायची. कोण गेलं हे तिला पाठ असायचं आणि पुढच्या आठवड्यात ती त्यांच्या बायकांशी जरा जास्तच प्रेमाने बोलायची. बायकांना ते प्रेम बोचायचं.

मग एका रविवारी त्या रांगेत हेविन होता.

तो परत आल्यावर ती दारातच उभी राहिली. "लाज नाही वाटली? अख्खं गाव बघतंय. जिने घरोघर जाऊन मतं मागितली, तिचाच मुलगा!"

"दोन पेले बिअर, आई. मी काही आजोबा नाही."

"त्यांचंही दोन पेल्यांपासूनच सुरू झालं होतं."

"मी आठवडाभर झाडं पाडतो. शनिवारी घरी असतो. रविवारी सेल्विन गंमतीजमती सांगतो, मी हसतो आणि परत येतो. मला हार्पमध्ये जाता आलं असतं तर तुझ्या डोळ्यांसमोर बसलो असतो. ते तर तू बंद केलंस." एवढं बोलून त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "चल, भूक लागली. काय केलंयस?"

तिने त्याला वाढलं. पण त्यानंतर रविवारी ती त्याच्याशी बोलेनाशी झाली. सोमवारी सकाळी डबा देताना पुन्हा बोलायची. वर्षभर तसंच चाललं.

एकोणसत्तरच्या नोव्हेंबरमधली गोष्ट. धुकं इतकं की चॅपेलच्या दारातून समोरचं फाटक दिसत नव्हतं. केनवेन शब्बाथशाळेत बायकांचा वर्ग घेत होती. दार उघडलं आणि हार्पची मालकीण डिलिस आत आली. डिलिस कधी चॅपेलची पायरी चढली नव्हती. अंगात एप्रन, केस ओले, आणि ती उंबऱ्याच्या आत येऊन नुसती उभी. सगळ्यांनी माना वळवल्या. डिलिसने कुणाकडे पाहिलं नाही, फक्त केनवेनकडे पाहिलं.

"केनवेन," ती म्हणाली, "तू बाहेर ये. इव्होरलाही घेऊन ये."

पुलाच्या आधीच्या वळणावर, डिन्बिखच्या बाजूला, सेल्विनची व्हॅन रस्ता सोडून ओढ्यात उलटली होती. मागे बसलेले खरचटून सुटले. सेल्विनचा पाय आणि बरगड्या मोडल्या. त्याच्या शेजारी हेविन बसला होता. लोकांनी त्याला ओढून काठावर निजवलं तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं. इव्होर धुक्यातून पळत गेला तो पुलाच्या मध्याशी क्षणभर थबकला, असं डिलिस पुढे सांगायची. तीस-चाळीस वर्षांची पायांची सवय. मग तो पुढे गेला.

आमच्याकडे मातीच्या दिवशी कबरीवर पुरुष जातात आणि बायका घरात हॅमचे काप नि चहा मांडतात. जिनी आली. तिचा मुलगा दवाखान्यात होता, दारात पोलीस बसलेला. सेल्विन प्यायला होता हे तपासात निघालंच होतं. पेंट्रेहून ती चालत आली होती आणि आल्या आल्या तिने पदर खोचावा तशा बाह्या वर सारून बशा पुसायला घेतल्या.

"ठेव त्या," केनवेन म्हणाली.

"दोन हातांनी किती करशील? दे इकडे."

"ठेव म्हटलं ना. तुझ्या पोराने माझं पोर मारलं. माझ्या बशांना हात लावू नकोस."

जिनीने बशी खाली ठेवली. तिच्या चेहऱ्यावर आधी रडू आलं आणि मग दुसरंच काहीतरी.

"मारलं," ती म्हणाली. "तो प्यायला होता, त्याने मारलं. त्याची शिक्षा तो भोगेल, मीही भोगेन. पण या खिडकीतून बघ एकदा. हार्पचं दार दिसतंय? ते उघडं असतं तर हेविन पायी गेला असता आणि पायी आला असता. फार तर चिखलात पडला असता, तू ओरडली असतीस, तो हसला असता. ते दार कुणी बंद ठेवलं, केनवेन? घरोघर फिरून कुणी बंद ठेवलं?"

"चालती हो."

जिनी गेली. केनवेन दारापर्यंत तिच्या मागे आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जिवात जीव आहे तोवर डिन्बिखच्या मातीला माझा पाय लागणार नाही. ऐकलंस?"

जिनीने मागे वळून पाहिलं नाही.

शब्द तिने पाळला. सेल्विन तुरुंगात गेला, सुटला, आणि गावाला तोंड न दाखवता लिव्हरपूलला निघून गेला. जिनीचा नवरा वारला, तेव्हाही केनवेन गेली नाही. इव्होर एकटा गेला. बाजारासाठी पेंट्रेवरून जाणारी बस जवळची होती, पण ती लांबच्या रस्त्याने बाला गावाला जायची. दाताच्या दवाखान्यासाठी तिने एकदा अर्धा दिवस घालवला. चॅपेलच्या सभेला ती जायची, पण व्यासपीठाकडे फिरकायची नाही. इव्होर रात्री जागा असला की त्याला शेजारची बाजू जागी असल्याचं कळायचं.

चौऱ्याहत्तर साली जिल्हेच बुडाले. कुणीतरी लंडनमध्ये नकाशा पुढ्यात घेतला आणि मेरियोनिद नावाचा जिल्हा पुसून टाकला. बाकीचं मेरियोनिद पश्चिमेच्या मोठ्या जिल्ह्यात गेलं आणि आमचं खोरं तेवढं तोडून पूर्वेला नव्या क्लुइद जिल्ह्याला जोडलं. डिन्बिखही बुडालं, तेही जवळजवळ सगळं क्लुइदमध्येच. सातशे वर्षांपूर्वी एका इंग्रज राजाने आमचं खोरं पोविसच्या जुन्या राज्यातून तोडून मेरियोनिदला शिवलं होतं म्हणतात. तेव्हा कुणाला विचारलं नव्हतं, आताही नाही.

एप्रिलमध्ये माणसं आली आणि पुलावरची पाटी उखडून घेऊन गेली. इव्होर नुकताच निवृत्त झालेला. तो खिशात हात घालून बघत राहिला.

"सरळ खेचा," तो शेवटी म्हणाला. "नाहीतर कठडा येईल बरोबर."

त्यांनी सरळ खेचली. त्या जागी भोक राहिलं, त्यात पावसाचं पाणी साठलं.

दुपारी जिनी पुलावर आली. पाच वर्षांत ती जाड झाली होती, काठी घेऊन चालत होती. पाटी होती तिथपर्यंत येऊन ती थांबली आणि तिने हाक मारली. "केनवेन! अगं केनवेन! ऐकतेस ना? डिन्बिख गेलं! नाव उरलं नाही कुठे! आता तुझी शपथ कशाला लागू आहे? ये चहाला!"

केनवेन पडद्यामागे उभी होती. इव्होर म्हणाला, "जा ना. म्हातारी झाली ती. आपणही झालो."

"नाव गेलं. माती तीच आहे."

"मातीला काय कळतंय."

"मला कळतंय."

जिनीने आणखी दोनदा हाक मारली. मग कठड्यावर जरा वेळ बसली आणि निघून गेली.

पुढच्या साली पुन्हा मतांची वेळ आली. आता मत मेरियोनिदचं नव्हतं, नव्या तालुक्याचं होतं आणि त्यात पेंट्रेकडची ओली गावंही होती. नवे पाळकसाहेब, तिशीतला माणूस, केनवेनकडे आले. जुन्या लोकांनी त्यांना सांगितलं होतं की ही बाई उभी राहिली तर अख्खं खोरं उभं राहतं.

"तुमच्याइतका हक्क कुणाला आहे, मिसेस पॅरी?" ते म्हणाले. "दारूने तुमचा बाप नेला, मुलगा नेला. तुम्ही दोन शब्द बोललात तर..."

केनवेनने त्यांच्यासमोर केकची बशी सरकवली. "माझ्या मुलाला दारूने नेलं की रविवारने, हे मला अजून उमजलेलं नाही, पाळकसाहेब. उमजलं की बोलेन."

त्यांनी केक संपवला आणि ते निघाले.

मतदान शाळेत होतं. केनवेन एकटी गेली. पडद्याआडच्या फळीवर दोरीला बांधलेली पेन्सिल होती. ती बराच वेळ उभी राहिली; बाहेरच्या बाईने खाकरून पाहिलं. बटाटे सोलणारा बाप आठवायचा तिने प्रयत्न केला, तर त्याचे हात डोळ्यांसमोर आले. ते थरथरत होते. हे तिला खरंच आठवत होतं की जिनीने सांगितल्यामुळे दिसत होतं, कोण जाणे. तिने उघडण्याच्या बाजूला फुली मारली.

घरी येऊन तिने कोट न काढताच इव्होरला सांगितलं. "मी उघडायला मत दिलं."

इव्होरने पाइप तोंडातून काढला. तो तिच्याकडे असा बघत राहिला की ती घाबरली.

"काय झालं? बोल की."

"मी सकाळी जाऊन आलो," तो म्हणाला. "मी बंद ठेवायला दिलं."

"तू नेहमीच ते देत होतास."

"नाही." त्याने मान खाली घातली. "मागच्या दोन्ही वेळा मी उघडायला दिलं होतं. तू घरोघर फिरत होतीस आणि मी... मला वाटायचं, माणसाला एक पेला मिळाला तर काय बिघडतं. तुला कधी सांगितलं नाही. यावेळी म्हटलं, एवढं सगळं झाल्यावर एकदा तरी केनवेनच्या बाजूने."

केनवेन खुर्चीत बसली. मग तिला हसू आलं, आणि हसता हसता ती अशी रडली की तशी हेविनच्या मातीलाही रडली नव्हती. इव्होर तिच्याजवळ उभा राहिला. त्याने तिच्या कोटाची बटणं काढली आणि कोट खुंटीला टांगला.

खोरं ओलं झालं. हार्प रविवारी उघडलं. पहिल्या रविवारी केनवेनच्या घरासमोरून कुणी गेलं नाही; बाप्ये मागच्या गल्लीने गेले. डिलिसने दार अर्धवट लोटून ठेवलं होतं. पुढे सवय झाली. संध्याकाळी आतून हसण्याचा आवाज यायचा तेव्हा केनवेन खिडकी लावायची नाही. ऐकत बसायची.

इव्होर पाच वर्षांनी छातीच्या दुखण्याने गेला. त्याच्या मातीला जिनी आली, मागच्या बाकावर बसली, आणि चहाला न थांबता गेली. दोघींची नजरानजर झाली. दोघींनीही मान हलवली, तेवढंच.

त्यानंतर तीन-चार हिवाळे गेल्यावर एके सकाळी पेंट्रेहून निरोप आला, की जिनीला झटका आलाय, अर्धं अंग गेलंय, वाचा गेलीय. निरोप आणणाऱ्या बाईला केनवेनने आत बोलावलं नाही. तिने तशीच टोपी चढवली, बूट घातले आणि ती निघाली. पूल ओलांडताना ती कुठे थांबली नाही. त्या वळणावरही थांबली नाही. निरोप आणणारी ती बाई मागून म्हणत होती, "मिसेस पॅरी, जरा हळू, वय बघा," आणि केनवेन पुढे.

जिनी खिडकीपाशी पलंगावर होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे उघडे. केनवेनने खुर्ची ओढली.

"मी आले गं," ती म्हणाली. "केनवेन. चहाला आले."

जिनीचे डोळे तिच्यावरून भिंतीवर गेले आणि भिंतीवरच राहिले.

केनवेन तिथेच राहिली. तिला चमच्याने पेज भरवायची, कूस बदलायची, केस विंचरायची. दिवसभर बोलत राहायची. जेवढं बोलायचं राहिलं होतं तेवढं सगळं. बशांचं बोलली, बापाच्या हातांचं बोलली, शाळेतल्या त्या पेन्सिलीचं बोलली. जिनीला त्यातलं काय पोहोचलं ते कुणालाच कळायला मार्ग नव्हता. एकदा तिच्या डोळ्यातून पाणी आलं, पण नर्स म्हणाली, तो डोळा तसाच गळतो. महिना सरायच्या आत जिनी गेली. सेल्विन लिव्हरपूलहून मातीला आला, लंगडत, भिंतीला धरून उभा राहिला. केनवेनने त्याच्याकडे पाहिलं नाही. बहिणीला माफ करायला तिने इतका उशीर लावला होता. भाच्यापर्यंत अजून ती पोहोचली नव्हती.

शहाण्णव साली पुन्हा नकाशा फाडला. क्लुइदही गेलं, वीस-बावीस वर्षंच जगलं म्हणायचं. बाकीच्या जुन्या जिल्ह्यांपैकी काही परत आले, आणि आमच्याकडे आलं ते डिन्बिख. यावेळी त्याची हद्द ओढ्याशी थांबली नाही. ओढा ओलांडून ब्रिनहेलिग गिळून ती पुढे डोंगरापर्यंत गेली. केनवेन शहाऐंशी वर्षांची होती. ती आपल्या स्वयंपाकघरात होती तिथेच होती आणि तिच्या पायाखाली डिन्बिख येऊन बसलं. पोस्टमन हे सांगायला लागला तेव्हा ती म्हणाली, "मी त्याच्याकडे जात नव्हते ना, म्हणून तेच आलं."

तोवर चॅपेल बंद पडलं होतं. आत कुणा इंग्रज जोडप्याने मातीची भांडी करायला चाक बसवलं होतं. हार्पही बंद होतं. डिलिस गेल्यावर कुणी चालवायला घेतलं नाही. रविवारी गाव इतकं शांत असायचं, जितकं ते कोरड्या दिवसांतही कधी नव्हतं.

त्या हिवाळ्यात केनवेन परसात पडली. मांडीचं हाड मोडलं. घरी बघायला कुणी नव्हतं, तेव्हा तिला डिन्बिख गावातल्या वृद्धांच्या घरी हलवलं. तिथली कामावरची पोरं चांगली होती. तिच्याशी तिच्या वेल्श भाषेत बोलणारी एक मुलगी दिली होती, पण ती मुलगी फक्त सकाळी असायची. दुपारनंतर केनवेन खिडकीबाहेरचा किल्ला बघत बसायची. भेटायला कोण येणार?

एके दुपारी एक लंगडा माणूस दारात उभा राहिला. साठीला टेकलेला, टक्कल पडलेलं, हातात टोपी.

"मावशी," तो म्हणाला. "सेल्विन."

"दिसतंय मला."

"जाऊ का?"

तिने मान किल्ल्याकडे वळवली. तो खुर्चीच्या कडेवर बसला, अर्धा तास बसून राहिला आणि गेला. पुढच्या आठवड्यात पुन्हा आला. लिव्हरपूलहून दोन बस बदलून यायचा. त्याने लग्न केलं नव्हतं. त्या दिवसानंतर गाडी चालवली नव्हती, पेल्याला तोंड लावलं नव्हतं, हे तिला त्या सकाळच्या मुलीकडून कळलं. तो स्वतः सांगत नव्हता. तो हवेचं बोलायचा, गोदीतल्या नोकरीचं बोलायचा. ती कधी हुंकार द्यायची, कधी नाही. एकदा त्याला यायला उशीर झाला तेव्हा तिने दुपारच्या पोरीला विचारलं, "तो लंगडा अजून आला नाही?"

मार्चमध्ये तिची छाती भरून आली. डॉक्टरांनी सेल्विनला बाजूला घेऊन काय ते सांगितलं. तो परत येऊन बसला. तिचे डोळे मिटलेले होते, पण ती झोपली नव्हती.

"सेल्विन."

"काय, मावशी?"

"त्या दिवशी व्हॅनमध्ये हेविन काय बोलत होता?"

सेल्विनने हातातली टोपी घट्ट धरली. इतक्या वर्षांत हे त्याला पोलिसांनी विचारलं होतं, न्यायाधीशांनी विचारलं होतं. तिने कधी विचारलं नव्हतं.

"काही नाही," तो म्हणाला. "झोपला होता. निघाल्या निघाल्याच झोपला. खांद्यावर मान टाकून."

"घोरत होता?"

"थोडा."

"लहानपणापासून घोरायचा." ती बराच वेळ श्वास घेत राहिली. "मग त्याला काही कळलं नसेल."

"नाही, मावशी. काहीच नाही."

हे खरं होतं का, ते सेल्विनलाच ठाऊक. मागे पोत्यांवर बसलेले बाप्ये वेगळं सांगायचे. ते म्हणायचे, हेविन गात होता आणि शेवटी ओरडला. पण ते सगळे आता जमिनीखाली होते आणि त्यांना विचारायला कुणी जाणार नव्हतं.

केनवेनने पांघरुणातून हात बाहेर काढला. तो सेल्विनसाठी होता की पाण्यासाठी, हे त्याला कळेना. त्याने आधी पाण्याचा पेला पुढे केला. तिने मान हलवली. मग त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली आणि तिचा हात हातात घेतला.